गोवर्धनच्या तारेतला करंट

माझा भाऊ अनुप अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि सहा वर्षांपासून पीएच.डी. करून राहिला आहे. विषय असा, की उत्तर कोरियाच्या हातातला अणुबॉम्ब कसा सोडवायचा. उत्तर कोरियाला याची अजून काही खबर नाही. आमच्या गावाला मात्र आहे, कारण दर शनिवारी दुपारी हा बडनेऱ्याला गाडीत बसतो, मूर्तिजापूरला उतरतो आणि पिशवीभर कागद घेऊन माझ्या ओसरीवर येऊन पडतो. लग्न झालेलं नाही, मेसची भाजी घशाखाली उतरत नाही, आणि बहिणीच्या हातची भाकर खाल्ल्याशिवाय त्याला कोरिया सुचत नाही.

"ताई, हे पाह्य," तो सांगायचा. मी भाकरी थापत असायची. "दक्षिण कोरियात दोन पंथ आहेत. एक कडक. म्हणतो, शेजाऱ्याचं सगळं तोडा, वाकेपर्यंत सोडू नका. दुसरा मवाळ. म्हणतो, बोला, थोडं द्या, थोडं घ्या, त्याची भीती घालवा. निवडणूक झाली की कधी हा पंथ, कधी तो."

"अन् बॉम्ब?"

"तो वाढत गेला."

"मंग तू सहा वर्सं काय करून राहिला?"

"दोन्ही पंथांची तुलना," अनुप म्हणाला आणि त्यानं दुसरी भाकर मागितली.

मी पौर्णिमा. मीसुद्धा राज्यशास्त्र घेऊनच बी.ए. केलं, तेही लग्नानंतर, आणि ते मामाजींमुळे. मामाजी म्हणजे माझे सासरे, नत्थुजी. घरात सगळे म्हणत होते की सुनेला आता कशाला कॉलेज. मामाजी मात्र तीन वर्षं परीक्षेच्या दिवशी बैलबंडी जुंपून मला हायवेपर्यंत सोडायला आले. या घरात मला 'पोरी' म्हणून हाक मारणारा तो एकच माणूस. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं फक्त उजेड-अंधार कळतो. तरी रोज सकाळी शेतात जाऊन विहिरीच्या दगडी थारोळ्यावर बसून आल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाला असं वाटत नाही. हे सगळं मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे काही झालं ते या माणसाच्या जिवासाठी झालं. निदान आम्ही तसं म्हणत होतो.

आमच्या शेताच्या आणि गोवर्धनच्या बागेच्या मधे एकच धुरा आहे. हातभर उंचीचा मातीचा बांध, आणि त्यावरून विहिरीकडे जाणारी पायवाट. आमची कपाशी, तूर, हरभरा. गोवर्धनची वांगी, शेवंती आणि सांबार, पुण्याचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. दोन वर्षांपूर्वी आमची म्हैस सुटली आणि त्याची ऐन तोडणीला आलेली शेवंती खाऊन गेली. गोवर्धन बोलायला आला. माझा नवरा कुलदीप म्हणाला, "म्हशीले काय समजते, दसरा आहे का दिवाळी?" तेव्हापासून बोलणं बंद. नवऱ्याचं नाव मी तोंडावर घेत नाही, इथं घेते, कारण इथं त्याला ऐकू जात नाही.

मग गोवर्धननं धुऱ्याच्या कडेनं बांबू रोवले आणि कमरेइतक्या उंचीवर तार ओढली. तारेचं टोक कडुनिंबाला ठोकलेल्या एका पत्र्याच्या डब्यात गेलेलं. डब्याला कुलूप. आणि बोर्ड: 'सावधान! तारेत करंट आहे', खाली कवटी. कवटी त्यानं स्वतः काढली होती, ती हसत असल्यासारखी दिसायची. गाव पण हसलं. आठ दिवसांनी त्या तारेखाली एक रानडुक्कर मरून पडलेलं दिसलं. मग गाव हसायचं थांबलं. लोक लांबून, चपला हातात घेऊन पाहायला आले. चपला हातात कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

"चाचणी यशस्वी," अनुप म्हणाला. त्या शनिवारी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याला नोकरी लागली त्या दिवशीही पाहिला नव्हता.

मला मात्र रात्रंदिवस एकच दिसायला लागलं. मामाजी त्या वाटेनं जातात, पाय घसरला, तोल गेला, तर माणूस कशाला धरेल? जे हाताला लागेल ते. मी कुलदीपच्या मागे लागले. "काही करा, पण ती तार बंद करा. बुढा माणूस आहे." कुलदीपनं बापाला बजावलं, "बाबा, आजपासून धुऱ्यानं जायचं नाई. पांधणीनं जायचं." मामाजी म्हणाले, "हाव." पांधणीनं, म्हणजे शेतांना वळसा घालणाऱ्या गाडीवाटेनं, विहीर म्हणजे पाऊण तासाची रपेट. मामाजी वीस मिनिटांत पोचून, बसून, तासाभरात घरी परत. मी घड्याळ पाहत होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बी.ए. झालेली बाई मी.

आता कोणी म्हणेल, तक्रार का नाही केली? तारेत थेट करंट सोडणं गुन्हा आहे. आहे ना बाप्पा! पण लाइनमन आला असता तर धुऱ्यापर्यंत पोचायच्या आधी त्याला आमच्या दुसऱ्या मोटरीचा आकडा दिसला असता, खांबावरच्या तारेला टांगलेला. म्हणजे आम्हाला गोवर्धनची बेकायदेशीर वीज बंद करायची होती, पण आमची न दाखवता. मी अनुपला विचारलं, याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात? तो म्हणाला, "ताई, याच्यावरच तर अर्धं शास्त्र उभं आहे."

कुलदीप कडक पंथाचा. कोरिया नकाशात कुठं आहे ते त्याला ठाऊक नाही, पण पंथ जन्मजात. गोवर्धनच्या बागेला आमच्या विहिरीतून पाइपानं पाणी जायचं, ते मामाजी आणि गोवर्धनचा बाप यांच्या काळापासून. कागद नाही, काही नाही, शब्दावर. कुलदीपनं सोमवारी सकाळी पाइपाचा कॉक बंद केला. "आता वांगे सुकतीन, तवा येईन कुलूप खोलत."

शनिवारी अनुप आला. सगळं ऐकून त्यानं डोक्याला हात लावला. "भाऊजी, नुसत्या कोंडीनं कोणी शस्त्र सोडलं नाही. त्याला आपला हेतू चांगला आहे हे दिसलं पाहिजे." दोन तास समजावलं. कुलदीपला वादात हरणं चालतं, पण वाद लांबलेला चालत नाही. तो उठून कॉक उघडून आला. अनुप रविवारी गोवर्धनच्या बागेत जाऊन 'काय म्हणता, कसं काय' करून आला. सोमवारी सकाळी तो गाडीत बसला आणि इकडे कुलदीपनं कॉक पुन्हा बंद केला.

असे सात आठवडे. सोमवार ते शुक्रवार आमचं धोरण कडक, शनिवार-रविवार मवाळ. गोवर्धन काही शाळेत फार गेलेला नाही, पण तिसऱ्या आठवड्यात त्याला वार कळले. त्यानं बागेच्या कोपऱ्यात खड्डा खोदून प्लास्टिक अंथरलं. शनिवारी दुपारी अनुपची पिशवी दिसली की तो पाइपाचं तोंड खड्ड्यात सोडून खाटेवर आडवा व्हायचा. वांगी आमच्या डोळ्यांदेखत टम्म झाली.

मग तपासणीची टूम निघाली. अनुपनं आराखडा केला: गोवर्धननं डबा उघडून दाखवायचा, करंट बंद करायचा, आम्ही कॉक कायमचा उघडा ठेवायचा आणि म्हशीला दोन दावी बांधायची. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं बागेत गेलो. मी गेले कारण गोवर्धनची बायको चतुराबाई आणि मी, नवऱ्यांच्या अपरोक्ष, पहिल्यापासून बोलत होतो. वांग्याची भाजी काय आम्ही विकत आणत नव्हतो.

गोवर्धननं खाट दिली, चहा ठेवायला सांगितला. अनुपनं फाइल उघडून टप्पे वाचले. गोवर्धननं सगळं नीट ऐकलं.

"म्हशीचं चांगलं आहे," तो म्हणाला. "कॉकचंही चांगलं आहे. डबा दाखोत नाई."

"गोवर्धनभाऊ, एकदा फक्त उघडून..."

"नाई. मास्तर, तुमी शिकलेले. म्या टीव्हीवर पाह्यलं. एका देशाच्या मोठ्या माणसानं आपलं सारं सामान काढून देल्लं. सायेब लोकायनं हात मिळवले, फोटो काढले. मंग काही वर्सानं त्याले लोकायनं नालीतून ओढून काढला. आज डबा खोलतो, तं उद्या तुमची म्हैस माह्या शेवंतीत. कोनाले बोलू मंग?"

अनुपनं वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'युक्तिवाद भक्कम' असं लिहिलं होतं.

"तारेखाली मेलेलं डुक्कर पाह्यलं ना आमी!" कुलदीप ओरडला. "माह्या बापाचा जीव जाईन तं कोन देईन भरून?"

गोवर्धन चमकला. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "काकाले काई होनार नाई. मी सांगतो."

"कसं काय होनार नाई?"

"मी सांगतो ना."

चतुराबाई तोंडाला पदर लावून आत गेली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, काय निगरगट्ट बाई आहे, माणसाच्या मरणाच्या गोष्टी चालल्या अन् ही हसते. त्या दिवशी मी तिच्याकडून वांगी घेतली नाहीत.

परत येताना अनुप म्हणाला, "एक लक्षात घ्या. जो तपासू देत नाही, त्याच्याकडे नक्की असतं. आपण समजतो त्याच्यापेक्षा जास्त असतं." हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की मला धुऱ्यावरून जाताना तार गुणगुणल्यासारखी ऐकू आली. देवाशपथ आली!

त्याच सुमारास डुकरांनी आमचा उगवता हरभरा उकरला. कुलदीपचं म्हणणं, गोवर्धनच्या करंटाला भिऊन ती आमच्याकडे येतात. झालं. पुढच्या रविवारी त्यानंही बांबू आणले. धुऱ्याच्या आमच्या बाजूनं, गोवर्धनच्या तारेसमोर, तितक्याच उंचीवर तार ओढली आणि ती आमच्या मोटरीच्या स्टार्टरला जोडली. "आता पाहू. त्याच्याजवळ आहे तं आपल्याजवळही आहे."

"याला प्रतिरोध म्हणतात," अनुप म्हणाला. मवाळ पंथाचा माणूस, पण तार ताणायला पक्कड यानंच धरली होती. "यावरही बरंच लिहिलेलं आहे."

"बरं का वाईट?"

"भरपूर."

दोन्ही तारांच्या मधे आता जेमतेम दोन हात पायवाट उरली. अनुपनं ती पावलांनी मोजली. "कोरियातही असा पट्टा आहे, दोन्ही फौजांच्या मधे."

"किती रुंद?" कुलदीपनं विचारलं.

"चार किलोमीटर."

"आपल्याकडे जागा कमी," कुलदीप म्हणाला.

मी म्हटलं, "अन् मामाजी?" तर कुलदीप म्हणाला, "बाबा पांधणीनं जाते. अन् या हप्त्यात लाइट रातची आहे. दिवसा तार थंडी." हे खरं होतं. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की विहिरीवर जागायला कोण बसतं? म्हणून सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो लावलेला: लाइट आली की मोटर आपोआप सुरू. दिवसा कोणी तारेजवळ गेलं तरी भ्यायचं कारण नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं. मीही मान डोलावली. ती मान अजून माझ्या खांद्यावर आहे, म्हणून सांगते.

बोर्ड पण लावला, आमचा गोवर्धनपेक्षा मोठा, लाल रंगात. कुलदीपनं धुऱ्यावर उभं राहून चार शेतांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. गोवर्धनला कळलं, गावाला कळलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना अक्षरं दिसत नाहीत आणि ते तेव्हा घरी झोपले होते. त्यांना सांगायचं राहिलं. ते तिकडून जातच नाहीत ना, मग कशाला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. कुलदीप अनुपला गाडीवर बसवून स्टेशनला गेला. मी आठ वाजता कापूस वेचायला शेतात गेले. कपाशी छातीइतकी वाढलेली, मी खाली वाकलेली, ओटी अर्धी भरली असेल. आणि विहिरीकडून घुंऽऽ आवाज आला. मोटर सुरू झाली.

मी तशीच वाकलेली राहिले. म्हटलं, आज दिवसा कशी काय लाइट? मग आठवलं. सोमवार. सोमवारी पाळी बदलते. लहान पोराला ठाऊक असतं ते, अन् आम्ही तिघं शहाणे रविवारी ठरवून बसलो की या हप्त्यात रात्रीची! हप्ता रविवारीच संपत होता.

मी उभी झाले तर समोर, दीडशे पावलांवर, धुऱ्यावरून मामाजी येत होते. उजव्या हातात काठी. डावा हात पुढं करून काहीतरी चाचपत. मी पाहत राहिले, आणि मग कळलं: ते तार शोधत होते. जाताना डाव्या हाताला गोवर्धनची तार असते. आता ते परत फिरले होते. आता डाव्या हाताला आमची होती.

"मामाजीऽऽ! हात! हात मांगं घ्या!"

मोटरीच्या आवाजात त्यांना फक्त हाक ऐकू गेली असावी. त्यांनी माझ्या दिशेनं तोंड केलं, हसले, आणि राम राम करायला तोच हात उचलला.

मी स्टार्टरकडे पळाले. कपाशीतून पळता येत नाही हो! कपाशीची खोडं, पराट्या, पायात येतात, लुगडं अडकतं. पळता पळता मी पाहिलं ते एवढंच, की पलीकडून गोवर्धन धावत आला. बाजारात भाजी टाकून नुकताच परतला होता, खांद्यावर रिकामी पोतडी तशीच. तो आपल्या तारेखालून वाकून आला आणि त्यानं मामाजींना दोन्ही हातांनी मागं ढकललं. मामाजी वाटेवर बसले. गोवर्धनचा तोल गेला आणि त्याचा पंजा आमच्या तारेवर पडला.

तो ओरडला नाही. आवाजच निघाला नाही. मी लाल बटण दाबलं, मोटर थांबली, आणि तो उलटा फेकला जाऊन आपल्याच तारेवर पडला, बांबूसकट तिच्यात गुरफटला.

"त्याची तार!" मी किंचाळले. "माय व! एकीतून सुटला तं दुसरीत पडला!" मी एक वाळकी पराटी उपटली आणि त्याला तारेतून सोडवायला धावले. आणि मामाजी, वाटेवर बसलेले, उठण्यासाठी त्यांनी हात लांबवला आणि गोवर्धनची तार मुठीत धरली. मी डोळे मिटले.

"कावून बोंबलतं व पोरी?" मामाजी म्हणाले. "याच्यात काई नाई. मी रोज धरतो."

मी डोळे उघडले. ते तारेला धरून उभे होते, बसमध्ये दांडीला धरतात तसे.

"त्यानं लावली त्या दिवसापासून धरतो. डाव्या हातानं जातो, उजव्या हातानं येतो. आज येतानी डाव्या अंगालेही तार लागल्यावानी वाटली, म्हून काठी उजव्या हातात घेऊन चाचपत होतो, म्हनलं गोवर्धननं दुसरी लावली का काय माह्यासाठी. हा कोन पडला? गोवर्धन काय?"

"मंग सांगतलं कावून नाई!" मी रडत, ओरडत होते. सासऱ्यावर आवाज चढवला मी, आयुष्यात पहिल्यांदा.

"तुमी मले कधी पुसलं?" मामाजी म्हणाले. "तुमी गोवर्धनले पुसत होते. अनुपले पुसत होते. अन् गोवर्धननं शब्द घेतला होता, कोनाले सांगू नका म्हने, नाई तं म्हैस येते."

गोवर्धनला गावातल्या एकाच्या जीपनं अकोल्याला नेलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. तो हात आता वांगं तोडू शकतो, शेवंती खुडू शकत नाही. दवाखान्याच्या बाकावर चतुराबाईनं मला सगळं सांगितलं. तारेत करंट सोडायचाच असं गोवर्धननं ठरवलं होतं, पण हिनं अडवलं. म्हणाली, पोरं-ढोरं फिरतात, नत्थुकाका फिरतात, पाप कोणाच्या माथी? म्हणून नुसती तार आणि कवटी. डुक्कर कशानं मेलं ते त्या डुकरालाच ठाऊक. नाल्यात मेलेलं सापडलं, या दोघांनी ओढत आणून तारेखाली टाकलं. "त्या दिवसी तुमी आले ना, फाइल घेऊन," ती म्हणाली, "मले हासू आवरेना." आणि ती रडायला लागली. मीही रडले. त्या रविवारी न घेतलेल्या वांग्यांची मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

संध्याकाळी तिच्याकडून किल्ली घेऊन कुलदीपनं स्वतः तो डबा उघडला. अनुपला हवी होती ती तपासणी शेवटी झाली. आत विड्यांचं बंडल होतं, काड्यापेटी, वांग्याच्या बियाण्याची पुडी आणि एक पाल. कुलदीप डब्यासमोर खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आमची तार उपटली, बांबू जाळले. आकडा काढला. कॉक उघडला आणि त्याची मूठच काढून विहिरीत फेकली, म्हणजे पुन्हा बंद करायची इच्छा झाली तरी होऊ नये. दवाखान्यात जाऊन गोवर्धनच्या पायांवर डोकं ठेवलं. गोवर्धन ताठ बोटांच्या हातानं त्याची पाठ थोपटत म्हणाला, "जाऊ दे ना बे, म्हशीले दावं बांध फक्त." मला वाटलं, चला, सुटलो. एका माणसाच्या दोन बोटांच्या बदल्यात का होईना, सुटलो.

गोवर्धनचा मुलगा सागर नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, कापडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. तो रजा टाकून आला. बापाचा हात पाहिला. दोन दिवस बागेत खटपट करत होता. तिसऱ्या दिवशी, शनिवार होता, तो आमच्या दारात आला. चांगला मुलगा, आवाज चढवत नाही.

"कुलदीपकाका, मास्तर, चला. डबा पाहाचा होता ना तुमाले? पाहून घ्या."

आम्ही गेलो. कडुनिंबावर नवा डबा होता, कुलूप नव्हतं. त्यानं झाकण उघडून एकेक दाखवलं. मेन स्विच. फ्यूज. जाड वायर. धुऱ्याच्या कडेची तारही नवी, चकचकीत, घट्ट ताणलेली. त्यानं टेस्टर लावला, लाल दिवा लागला.

"सागर," कुलदीप म्हणाला, "आमची तं म्या काढून टाकली."

"हाव काका. पाह्यलं म्या. आज काढली, उद्या पुन्ना बांधसान. माह्या बाबाची खोटी होती, त्याचे बोटं गेले. आता खरी आहे. आता कोनी येत नाई." त्यानं झाकण लावलं. मागे खाटेवरून, कालच दवाखान्यातून घरी आलेला गोवर्धन म्हणाला, "सागर, काढ रे बाप्पा ते." सागर म्हणाला, "बाबा, तुमी पडून राहा."

आता तक्रार करायला आमचा आकडा आडवा येत नाही. पण ज्याच्या बापाचा हात आमच्या तारेनं गेला, त्या पोराची तक्रार कोणत्या तोंडानं करायची? कुलदीप दर सोमवारी फोन उचलतो आणि ठेवून देतो.

अनुप मात्र परतीच्या वाटेवर झपाझप चालत होता. घरी येऊन त्यानं पिशवी उघडली, कागद काढले. "ताई, हे विलक्षण आहे. ज्याच्याकडे नव्हतं त्याला आपण मिळवायला लावलं, आणि तेही आपण आपलं सोडल्यावर! यावर स्वतंत्र प्रकरण होतं. कडक-मवाळ दोन्ही पंथांना..." मी हातातलं उलथनं त्याच्या दिशेनं फेकलं. नेम चुकला. पुढच्या महिन्यात त्यानं ते प्रकरण अमरावतीच्या एका परिषदेत वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आग लागो त्या कोरियाला!

मामाजी आता शेतात जात नाहीत. पांधणीनं त्यांना चालवत नाही, गाडीवर बसायला ते तयार नाहीत. पहिले काही दिवस सकाळी काठी घेऊन दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "पोरी, गोवर्धनची तार थंडी झाली काय व?" मी म्हणायची, नाही झाली मामाजी. मग काठी भिंतीला टेकवून बसायचे.

शेवटी मी अंगणात कपडे वाळवायची दोरी खाली घेऊन कमरेइतक्या उंचीवर बांधली, दारापासून फाटकापर्यंत. आता रोज सकाळी ते तिला धरून चालतात. बारा पावलं जाताना, बारा येताना. फक्त धरायच्या आधी ते हाताची मागची बाजू दोरीला हळूच लावून पाहतात.